बाबांच्या पुढची घुंगरं

किन्हीराजाच्या अलीकडे, गाडीवाटेवर आमचं गाव. त्या गावात माझे बाबा काही दिवस कामचोर म्हणून गाजले होते, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. मी तशीही रागीटच. पण तो राग खरा होता.

झालं असं, की एका हिवाळ्यापासून बाबांचे पाय अडायला लागले. वैद्यबुवांनी कंपवात सांगितला. हात थरथरायचा, त्याचं फार काही नाही. पण उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. बाबा पायांकडे पाहत उभे राहायचे आणि पाय आपले ढिम्म. तेच बाबा मृगात पेरणीला तिफणीमागं उभे राहिले, की वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत तरण्या गड्यासारखे चालत जायचे. मग लोक बोलणारच. "घरी धरते अन् वावरात सुटते, हा कोनता वात व?" आमची धाकटी चुलती माझ्या तोंडावर म्हणाली. मी तिच्याशी पोळ्यापर्यंत बोलले नाही.

खरा प्रकार मला पाणी भरताना कळला. बाबा अंगणाच्या मधोमध अडकून उभे होते. मी भरली घागर घेऊन त्यांच्या बाजूनं पुढं गेले, तर तेही माझ्या मागं चालू लागले. माझ्या पायात नव्या तोरड्या होत्या, घुंगरांच्या. मी थांबले की बाबा थांबले. मी निघाले की बाबा निघाले. मला इतकं हसू आलं, की घागरीतलं पाणी अंगावर सांडलं. वावरात बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या आणि बैल बाबांच्या पुढं असायचे. त्या आवाजावर त्यांचे पाय आपोआप उठायचे. घरात पुढं काही वाजत नव्हतं, एवढंच.

मायनं लगेच थाळी वाजवून पाहिली. बाबा भडकले. "मी काय मदाऱ्याचं अस्वल हाये? गावाले तमाशा दाखवून राह्यली काय?" थाळी बंद झाली. पण पोरगी बापाच्या पुढं चालली तर त्यात कोणाला काय दिसणार? म्हणून मग मी पुढं आणि बाबा मागं. पारावर, देवळात, वावरात. मी लांब ढांगा टाकल्या की त्यांची पावलंही मोकळी पडायची. मी चिडून पाय आपटत निघाले की मागून आवाज यायचा, "हळू व पोरी, तुया रागानं मी पडीन." हे गुपित आमच्या तिघांतच राहिलं. बाबांना पुन्हा गावात वावरता आलं आणि चुलतीचं तोंड बंद झालं. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

अशात शेलूबाजाराकडचं स्थळ आलं आणि माझं लग्न ठरलं.

"मले नाई कराचं लगन," मी मायला सांगून टाकलं.

"काहून?"

"बाबाच्या पुढं कोन चालन?"

माय चूल फुंकत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तू चाल नं," मी म्हणाले. "तुयाजवळ तोरड्या हायेत."

होत्या. पण मोठेपण आलं म्हणून तिनं त्या कधीच्या काढल्या होत्या आणि उतरंडीच्या अगदी खालच्या मडक्यात ठेवल्या होत्या. त्या काढायच्या म्हणजे वरची सगळी मडकी एकेक करून उतरवायची.

"गप बस," माय म्हणाली. "बाई मानसाच्या पुढं चालते काय कुठी? अन् पोरीचं लगन झाल्यावर मायच्या पायात घुंगरं? लोकं तोंडात शेन घालतीन माया."

तिचंही खोटं नव्हतं. आमच्याकडं बाई नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायची, तीही पायांचा आवाज न करता. बाबा ओसरीवरून सगळं ऐकत होते. ते हसत म्हणाले, "जाय तू. मी बसून राहीन. बसाले कायले लागतात घुंगरं?" ते हसणं मला सहन झालं नाही. मी गोठ्यात जाऊन रडले.

लग्नात बाबांचं काही अडलं नाही. दारात सनई-डफडं वाजत होतं, त्याच्यावर ते नवरदेवाच्या वरताण मिरवत होते. वऱ्हाडातल्या कोणाला शंकासुद्धा आली नाही. खरी भीती मला पाठवणीची होती, आणि नेमकी त्या वेळी माय गायब झाली. माझी ओटी भरून ती घरात गेली ती बाहेर आलीच नाही. बाकीच्या सगळ्या बाया मला सासरी नेणाऱ्या बैलांच्या दमणीपाशी येऊन रडत होत्या, आणि जन्माची माय घरात! मला रडू येईना, नुसता संताप आला. मनात म्हटलं, ठीक आहे, नको येऊ.

दमणी निघाली. बैलांच्या घुंगरमाळा वाजू लागल्या आणि बाबा मागं चालू लागले. शिवेवरच्या मारुतीपाशी गाव थांबलं, रीत तीच होती. बाबा थांबले नाहीत. घुंगरं पुढं चालली होती, ते तरी काय करणार? माझे सासरे म्हणजे भला माणूस. त्यांना वाटलं, बापाचा जीव निघत नाही. त्यांनी बैल थांबवले आणि ते खाली उतरून म्हणाले, "ईवाई, आता परता. पोरगी आता माई हाये."

घुंगरं थांबली आणि बाबांचे पाय भर रस्त्यात चिकटले.

बाबांनी हात जोडले. हसले, मान हलवली. फक्त वळले नाहीत. वऱ्हाडी एकमेकांकडे पाहू लागले. काका धावत आले आणि त्यांनी दंड धरला, तर बाबांनी तो झटकून टाकला. दमणी हलली तर बाबा पुन्हा मागं येणार होते, आणि आवाज लांब गेला की तिथंच, उन्हात, परक्या माणसांसमोर खुंटल्यासारखे उभे राहणार होते. मी वाकून माझ्या तोरडीचा खिळा ओढायला लागले. तोरडी काढून कोणाला देणार होते, देव जाणे. खिळा नवा होता, निघेना.

तेवढ्यात मारुतीकडून घुंगरांचा आवाज आला. माझ्या तोरड्यांपेक्षा जाड, जुन्या चांदीचा.

माय येत होती. पदर डोक्यावर, तोंड घामानं डबडबलेलं, हात कोपरापर्यंत मडक्यांच्या धुळीनं माखलेले. ती सगळी उतरंड उतरवून आली होती. मारुतीपाशी चुलतीनं तोंडाला पदर लावला, कोणी तरी फिसकन हसलं. माय भर गावातून, माझ्या सासऱ्यांच्या समोरून, छुमछुम करत आली आणि बाबांना वळसा घालून त्यांच्या पुढं उभी राहिली, गावाकडं तोंड करून.

"चाला घरी," ती म्हणाली. "म्हशीची धार काढाची हाये."

ती निघाली. बाबांचा उजवा पाय उठला, मग डावा. ते तिच्या आवाजाबरोबर वळले आणि तिच्या मागून चालू लागले. मारुतीपाशी उभ्या बायांनी वाट सोडली. मायनं मान खाली घातली नाही.

सासऱ्यांनी बैल हाकायला सांगितलं. आमच्या घुंगरमाळा वाजू लागल्या तरी मी कान लावून बसले होते, आणि बराच वेळ मला त्यांच्यातून मायच्या तोरड्या वेगळ्या ऐकू येत होत्या. मग आल्या नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मायनं माझ्याकडं एकदासुद्धा वळून पाहिलं नव्हतं. सबंध आयुष्यात तेवढ्या एका गोष्टीचा मला राग आला नाही. मी तोंडावर पदर घेतला आणि मला रडू फुटलं.