तुळईवरून गेलेली म्हैस

दोंडाईचा स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन असं होतं की माझी सावलीसुद्धा मला सोडून बाकाखाली जाऊन बसली. माझे जुने सहकारी नाना न्यायला आले होते. निवृत्त होऊन ते गावी परतले, आता नातू झाला, आणि त्याच्या बारशाला मी रत्नागिरीहून खानदेशात दाखल झालो.

गाव टेकाडावर. लांबून पाहिलं तर एकाही घराच्या डोक्यावर टोपी नाही. आमच्याकडे छपराला दोन उतरती पाखी, वर आढं, खाली वळचण. इथे सगळं सपाट.

"नाना, छपरं घालायची राहिली का?"

"भाऊ, हे धाबं शे (आहे). खाली तुळई, तिच्यावर आडव्या कड्या, वर काटक्या आणि हातभर पांढरी माती. तुमच्या छपरावर मांजर चालतं. आमच्या धाब्यावर वऱ्हाड जेवतं."

जेवायला कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती. पहिल्याच घासाला माझ्या कानांनी अशी शिट्टी दिली की स्टेशनातली गाडी त्यावरच सुटली असावी.

संध्याकाळी धाबं बघायला निघालो. उतारामुळे वरची गल्ली पुढच्या खोलीच्या धाब्याला समपातळीत टेकलेली, शिडीही लागत नाही. मध्ये बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या होत्या. त्या सारल्या, कडब्याच्या पेंढ्यांवर टेकून सूर्यास्त पाहिला आणि खाली अंगणात चहाला येऊन बसलो. फांद्या परत लावायच्या असतात हे कोकणातल्या माणसाला कसं सुचणार?

चहा अर्धा झाला तोच आतून नानांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा आवाज आला. "नाना, वर कोन शे? माती पडी ऱ्हायनी (पडते आहे)."

धावत वर गेलो. धाब्याच्या मधोमध नानांची म्हैस चंद्री निवांत कडबा खात उभी होती. वजन म्हणाल तर भरलेली मालगाडी. मागच्या खोलीत सून आणि बाळ. त्यांची बाहेर यायची वाट या खोलीतूनच, नेमकी म्हशीच्या पोटाखालून. कुठलीतरी कडी करकरली. नानांचा चेहरा धाब्याच्या मातीसारखा पांढरा पडला.

"कड्या जुन्या आहेत," ते हळूच म्हणाले. "तुळईवरूनच न्यायला हवी. पण मातीत ती दिसणार कुठे?"

खालून अक्का म्हणाल्या, "मी तुळईले मुसळनं ठोकस. तुम्ही वरतून आयका."

"अक्का, तू आधी बाहेर ये."

"पोर आठे (इथे) शे. मी कोठे जाऊ?"

मी पालथा पडलो आणि मातीला कान लावला. ठक्. मी बोट दाखवलं. नाना पुढे पेंढी आणि दोर धरून, मी कानावर सरपटत, आणि आमच्या मागे चंद्री. तिचा खूर आणि माझी टाच यांच्यामध्ये तांदळाचा दाणा मावला नसता. एकदा तिचा मागचा पाय घसरला, खाली ढेकूळ धपकन पडलं आणि ठोकणं थांबलं. नानांनी दोराचा हाताला आणखी एक वेढा घेतला.

ठक्. "चश्मामा माती गई," खालून आवाज आला. "चाला."

चंद्री गल्लीत उतरली आणि तिथेच ऐसपैस शेण टाकून मोकळी झाली. नाना ओरडले, "उतरली, अक्का." मुसळ थांबलं, आणि इतका वेळ त्या ठोकण्यात गाढ झोपलेलं बाळ कडाडून रडायला लागलं. नाना गल्लीतच मटकन बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.

मी मुकाट्याने फांद्या लावायला घेतल्या. हाताला काटे भरत होते.

"राहू द्या भाऊ, मी लावतो," नाना म्हणाले.

तोवर अक्का मातीने माखून, मुसळ टेकत वर आल्या होत्या. "लावू दे त्याले. ध्यानमा ऱ्हाई."

दुसऱ्या दिवशी बारशाची पंगत अंगणातच घ्या, असं सगळ्यात आधी मीच सुचवलं.

घरी परतल्यापासून रात्री आढ्याकडे बघत पडतो. वर मांजर चाललं तरी दचकतो. गोष्ट अर्थात गावभर सांगून झाली. म्हशी आता सात झाल्या आहेत आणि मुसळाचा आवाज धुळ्यापर्यंत जातो. बाळाचं ते रडणं मात्र मी वाढवत नाही. होतं तेवढंच सांगतो.