डब्यातलं गाऱ्हाणं

मालाडच्या ऑफिसात माझं कामच मशीन उभी करण्याचं. एका कम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कम्प्युटर चालवायचा, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अशी ढिगाने बनवली असतील मी. तरी त्या रविवारी दुपारी, आई-बाबांच्या नाहूरच्या घरी, एक मशीन चालू करताना मी देवाचं नाव घेतलं.

गणपती आठ दिवसांवर आले होते. बाबा गेले त्या वर्षी आम्ही गणपती आणला नव्हता, यंदा आणायचा होता. आमच्यात मूर्ती बसली की घरातला कर्ता पुरुष देवाला गाऱ्हाणं घालतो, मालवणीत, गावच्या सगळ्या देवांना ठरलेल्या क्रमाने हाक मारून घरच्यांसाठी मागणं मागतो. ते बाबांना तोंडपाठ होतं. मला ओळसुद्धा येत नव्हती. त्या वेळी मी नेहमी बाल्कनीत, फोनला चिकटलेला.

"मी आपली मागसून 'व्हय म्हाराजा' म्हणतलंय," आई म्हणाली. "मधला सगळा तेंका म्हायत." गावी विचारावं असं कोणी उरलेलं नव्हतं.

हॉस्पिटलात बाबा एवढंच म्हणाले होते, "गाऱ्हाणा तुझ्यासाठी लिवन ठेवलंय. त्या डब्यात आसा."

डबा म्हणजे त्यांचा जुना कम्प्युटर. निवृत्तीनंतर त्यावर ते लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करून द्यायचे. तो बंद पडला तेव्हा त्यांचा फोन आला होता, "काळो पडदो येता रे. तुका येळ गावलो काय बघ." मी म्हटलं, "भंगारात टाका ते, नवीन घेऊन देतो." दिला घेऊन. त्यावर त्यांच्या पेन ड्राइव्हवर उरलेल्या, जुन्या फॉण्टमधल्या दोन-चार फायली उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पुढची दोन वर्षं ते अधूनमधून विचारायचे आणि मी "बघतो हो" म्हणायचो. मग विचारायचे थांबले. डब्यावर आईच्या जुन्या साडीचा तुकडा झाकून ठेवला.

आता डबा खोलला, तर आत कुंकू आणि कधीच्या तरी दसऱ्याची वाळकी झेंडूची पाकळी. मदरबोर्ड मेला होता, पण डिस्क धड होती. तिची नक्कल केली, फॉण्टसकट जुनी सिस्टीम जशीच्या तशी उघडावी म्हणून व्हर्च्युअल मशीनला जोडली, बटण दाबलं. काळा पडदा. चालू करण्यासारखं काही सापडत नाही म्हणे!

च्यायला! डिस्कच गेली असेल तर? आई दारात उभी होती. "काय झाला रे?" "काही नाही, तू बस ना गं!" मी खेकसलो. ती चहा ठेवायला गेली.

मग डोकं ताळ्यावर आलं. नवीन मशीन आपोआप नव्या पद्धतीने चालू होतं, बाबांच्या काळातल्या सिस्टीमला ती पद्धत ठाऊकच नाही. सेटिंग जुन्या पद्धतीवर टाकलं. आता निळा पडदा चमकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तीनदा, चारदा. म्हणजे डिस्क जागी झाली होती, फक्त नव्या धाटणीची जोडणी तिला ओळखता येत नव्हती. तीही जुनी करून दिली. पडद्यावर बाबांनी लावलेला आमच्या गावच्या देवळाचा फोटो आला.

डबा खोलल्यापासून सगळं मिळून पाऊण तास लागला. आईने मध्येच आणून ठेवलेला चहा अजून गरम होता. दोन वर्षं मी त्यांना हा पाऊण तास दिला नव्हता. लाज वाटली, स्वतःचा भयंकर राग आला.

फाइलचं नाव होतं 'गाऱ्हाणा'. आई शेजारी येऊन बसली. तिला पडद्यावरचं बारीक अक्षर वाचता येईना, म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो. ग्रामदेव, कुलदेवी, वाटेवरचा राखणदार, मूळपुरुष. मध्येच कंसात माझ्यासाठी सूचना: 'हयसर थांब, घाई करू नको.' प्रत्येक मागणीनंतर आई हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होती. तिच्या गुडघ्यांसाठी एक मागणं होतं. मग शेवटचं, झिलासाठी म्हणजे माझ्यासाठी:

"माझो झील कामात गुतलेलो आसा. तेका जरासो येळ गावंदे रे म्हाराजा."

मी आईकडे बघितलं. आईला काहीच नवल वाटलं नाही. मी बाल्कनीत असताना दरवर्षी तिने ते बाबांच्या तोंडून ऐकलेलं होतं. माझ्याकडे न बघता, हात तसेच जोडलेले ठेवून ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."