वर दक्षिण असते

"काकाजी, बाबा गेले," एवढंच श्रावणचा मुलगा फोनवर बोलला. मी 'बरं' म्हणालो. बरं! पस्तीस वर्षांच्या दोस्तीला मला हाच शब्द सुचला. महिना झाला... लाज अजून जात नाही, आणि रडायचं बळ राहिलं नाही.

जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरात आम्ही शेजारी होतो, रिटायर झाल्यावर भंडाऱ्यातही शेजारीच घरं बांधली. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास नागपूरच्या फुटपाथवरून त्याने चिनी ज्योतिषाचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक आणलं, आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. नऊ घरांचा चौकोन, त्यात नऊ तारे. दर फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते घरं बदलतात. दोन नंबरचा आजार आणतो, पाच नंबरचा घात करतो. पाच ज्या दिशेला बसेल तिकडे वर्षभर माती हलवायची नाही. फेब्रुवारी लागला की याची खाट उचलून दुसऱ्या खोलीत न्यायला मी ठरलेला! त्याची बायको चिडायची, "विहारात जाता, आन् घरी चिन्याचे तारे पाहता? काहून जी?" "देव थोडीच मानून राहिलो? गणित आहे हे," तो म्हणायचा. माझा विश्वास नव्हता. पण वाईट दिवसांत तो म्हणे, "तारा बसून नाही राहत गोपाल, सरकते. एक साल काढ." ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग माझ्या बायकोचे, शकुनचे, गुडघे गेले. संडास अंगणापल्याड. खोलीला लागून उत्तरेला नवा बांधायला काढला, गवंडीही आला, आणि श्रावण चौकोन घेऊन धावत आला. "औंदा उत्तरेले पाच बसला आहे. पाया नको खोदू. फेब्रुवारीपर्यंत थांब." मी थांबलो. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! पावसाळ्यात शकुन अंगणात घसरली, खुबा मोडला. तेव्हापासून ती वॉकरवर आहे. "तुझे तारे घेऊन जा, माझ्या दारी पाय नको ठेवू," मी त्याला म्हणालो.

फेब्रुवारीत एका सकाळी तो फावडं घेऊन आला. "गोपाल, मी खोदून देतो. दार तं उघड." मी उघडलं नाही. बराच वेळ उभा राहिला, फावडं दाराशेजारच्या भिंतीला टेकवून गेला. पुढे संडास मी गवंड्याकडून बांधून घेतला. दोन वर्षं आम्ही एकमेकांसमोरून मुक्याने गेलो.

परवा त्याच्या मुलाने त्याची चौकोनांची वही आणून दिली. "तुमाले द्याले सांगतलं होतं." शकुन पडली त्या सालाचा चौकोन लाल शाईने खोडलेला, खाली उलटा करून पुन्हा काढलेला. शेजारी लिहिलंय : 'चिनी नकाशात वर दक्षिण असते. मी वर उत्तर समजलो. पाच दक्षिणेला होता. गोपालकडे खोदायला हरकत नव्हती. फावडं घेऊन जाणे, सांगणे.'

मी वही शकुनला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मले मालूम आहे. फावडं आणलं त्या दिवशी मागच्या खिडकीतून सांगून गेले भाऊजी. रडत होते. मी तवाच माफ केलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याइचं नाव काढलं का तुम्ही उठून जात होते."

फावडं अजून तिथेच आहे... शकुन वॉकर घेऊन त्याला वळसा घालून जाते. हलवा म्हणत नाही, आणि माझ्याच्याने ते हलवणं होत नाही.