चौदा नंबरची चार घरं

हुबळीत गोकुळ रोडच्या कारखान्यांमागं दोन जुन्या विहिरींवरून नाव पडलेली जोडबावी लेआउट ही वसाहत आहे. एकशे अठरा घरं, सहा क्रॉस म्हणजे आडवे रस्ते, मारुतीचं एक देऊळ आणि चौदा नंबरची चार घरं. एक चौदा नंबर प्लॉट पाडणाऱ्यानं दिलेला, दुसरा घरपट्टीच्या पावतीवरचा, तिसरा वीज मीटरचा. चौथ्या घराच्या मालकाला नुसताच चौदा आकडा आवडायचा, म्हणून त्यानं तो भिंतीवर रंगवून घेतला होता. क्रॉसचीही तीच तऱ्हा. तिसरा क्रॉस सगळ्यांत आधी वसला म्हणून आधी लागायचा, मग पहिला, आणि दुसरा कुठं आहे यावर तिथं राहणाऱ्यांचंही एकमत नव्हतं.

पण या गोंधळाचा कुणाला फारसा त्रास नव्हता, कारण वसाहतीत धोंडिबा गावडे होते.

धोंडिबा मूळचे अळणावरजवळच्या एका खेड्यातले. विशीत टपाल खात्यात लागले आणि एकतीस वर्षं याच भागात सायकलवरून पत्रं वाटली. सगळे त्यांना पोस्टअण्णा म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी नाव सुटलं नाही, आणि कामही सुटलं नाही. सकाळचा नाष्टा झाला की ते देवळाच्या कट्ट्यावर येऊन बसत. कुरिअरवाले, गॅसवाले, लग्नपत्रिका वाटायला आलेले पाहुणे, सगळे आधी त्यांच्यापुढं येऊन उभे राहत.

"बाळाचार्यांचं घर एल्ली अदरी?"

"सरळ जा. पेरूचं झाड लागेल, तिथं थांबू नका, तिथलं कुत्रं चावतं. पुढं दोन मजली घर, त्याच्या मागच्या जिन्यानं वर. पण आत्ता जाऊन उपयोग नाही, आचार्य पूजेला बसलेत. दहानंतर जा. तोवर बसा की."

पत्ता विचारणाऱ्याला पत्त्याबरोबर एवढं सगळं फुकट मिळायचं. दिवसातून वीसेक माणसं तरी विचारायची, आणि घरी गेल्यावर धोंडिबा बायकोला आकडा सांगायचे. "आज सव्वीस."

"लोकांची घरं सगळी ठाऊक," मथुराबाई म्हणायच्या, "आपल्या घरात साखरेचा डबा कुठं असतो ते विचारा यांना."

पालिकेची निवडणूक झाली आणि दीपश्री मुधोळ नावाची पस्तिशीची बाई नगरसेविका झाली. निवडून आल्यावर महिन्याभरातच ती देवळापुढं येऊन लोकांत बसली. "काय काय पाहिजे ते सांगा," ती म्हणाली. गटार, दिवे, पाणी, भटकी कुत्री, सगळं सांगून झालं. मग विमलाबाई उठल्या. या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत शिक्षिका. त्या म्हणाल्या, "अक्का, घरांना नीट ओळीनं नंबर द्या आणि क्रॉसला पाट्या लावा. मागच्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांकडं अँब्युलन्स आली, ती अर्धा तास भलत्याच चौदा नंबरपुढं उभी होती."

धोंडिबा लगेच उभे राहिले.

"त्या दिवशी मी गावाला गेलो होतो, म्हणून तसं झालं. एरवी पाट्या कशाला? मी आहे की!"

लोक हसले. कुणी टाळ्याही वाजवल्या. दीपश्री हसली, पण तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. शिवाय एक अडचण होती. वॉर्डाची हद्द वसाहतीच्या बरोबर मधून जायची. एका अंगाची घरं दीपश्रीच्या वॉर्डात, दुसऱ्या अंगाची उमेश हळ्ळीकेरींच्या. ते दुसऱ्या पक्षाचे, दुसऱ्यांदा निवडून आलेले नगरसेवक. निवडणुकीपासून दोघं एकमेकांशी फक्त फ्लेक्सवरून बोलत. तिनं रस्त्याच्या या बाजूला शुभेच्छांचा फ्लेक्स लावला, की त्यांचा दोन फूट मोठा फ्लेक्स समोर लागायचा. तेव्हा नंबरांचा विषय तिथंच राहिला आणि धोंडिबा निवांत घरी गेले.

दोन-अडीच महिन्यांनी विमलाबाईंच्या मुलीला, संगीताला, बघायला बेळगावहून पाहुणे यायचे होते. रविवारी दुपारी साडेतीनची वेळ ठरली. मुलाच्या आईनं बजावून सांगितलं होतं, साडेचारला राहुकाळ लागतो, त्याच्या आत आम्हाला मुलगी दिसली पाहिजे. पत्ता सांगायचा प्रश्नच नव्हता. विमलाबाईंनी पाहुण्यांना पोस्टअण्णांचा फोन नंबर देऊन टाकला.

धोंडिबा पुतण्याच्या वास्तुशांतीला तीन दिवस गावी गेले होते, ते रविवारी दुपारीच परतले. पिशवी खाली ठेवतात तोच पाहुण्यांचा फोन आला; त्यांना उशीर होऊन चार वाजले होते. त्यांनी सराईतपणे सांगितलं, "देवळापासून डावीकडं वळा आणि सरळ या. डाव्या हाताला पहिलं निळं गेट. डोळे मिटून आत जा."

एकच गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. पाहुणे येणार म्हणून विमलाबाईंनी शुक्रवारी गेट हिरवं रंगवून घेतलं होतं.

पाहुण्यांची गाडी हिरवं गेट ओलांडून पुढं गेली. त्याच रस्त्याच्या टोकाला एक निळं गेट होतं, महेश शिंत्र्यांचं. महेशचं गोकुळ रोडला पत्राकामाचं वर्कशॉप. तो आपली जुनी स्कूटर विकायला काढून बसला होता आणि गिऱ्हाईक त्या दुपारीच येणार होतं.

"आम्ही बेळगावहून आलो. बघायला," मुलाचे वडील म्हणाले.

"बर्री, बर्री! कूडरी!" खूश होऊन महेशनं बसायला खुर्च्या पुढं केल्या. स्कूटर बघायला चौघंजण आणि तेही इस्त्रीचे कपडे घालून, याचं त्याला जरा नवल वाटलं. पण बेळगावची माणसं चोखंदळ असतील, असं म्हणून त्यानं बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

थोडा वेळ हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मुलाच्या आईनं विचारलं, "कुठं आहे?"

"मागं ठेवलीय. पत्र्याखाली."

"पत्र्याखाली?"

"पावसात बाहेर ठेवली की खराब होते हो. चार महिने झाले, बाहेर काढलीच नाही."

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "स्वभावानं... म्हणजे तशी कशी आहे?"

"मी खोटं बोलणार नाही," महेश म्हणाला. "सकाळी चालू व्हायला वेळ घेते. एकदा चालू झाली की मग दिवसभर कुरकुर नाही. आवाज जरा मोठा आहे, पण सवय होते."

"आणि वय?"

"बावीस वर्षं. पण बघून वाटणार नाही तुम्हाला. मागच्याच महिन्यात रंग दिलाय."

मुलाची आई उठून उभी राहिली. मुलगा मात्र बसून राहिला. त्याला हसू येत होतं की रडू, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "एक चक्कर मारून बघा की," महेश आग्रहानं म्हणाला आणि सगळ्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथं त्यानं ताडपत्री ओढली तेव्हा कुठं उलगडा झाला. मुलाचे वडील भिंतीला धरून हसले. मुलाची आई हसली नाही. तिनं घड्याळ बघितलं. पावणेपाच झाले होते.

विमलाबाईंच्या दारात गाडी उभी राहिली, पण मुलाची आई काही खाली उतरेना. राहुकाळ संपेपर्यंत, म्हणजे सहा वाजेपर्यंत, ती गाडीतच बसणार होती. आत उपीट गार होत होतं. शेवटी संगीताच बाहेर आली. एका हातात चहाचा कप, एका हातात उपिटाची बशी. "मावशी, मी तुम्हाला दिसायला नको ना? मग तुम्ही डोळे मिटून घ्या, मी बशी हातात देते," ती म्हणाली. आता मात्र त्या बाईला हसू आलं, आणि तिनं गाडीचं दार उघडलं.

हे सगळं धोंडिबांना संध्याकाळी कट्ट्यावर कळलं. लोक पोट धरून हसत होते. धोंडिबा तसेच उठले आणि विमलाबाईंकडं गेले. विमलाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "होऊ दे हो अण्णा, तुमची काय चूक? गेट आम्हीच रंगवलं. तुम्ही तरी किती लक्षात ठेवणार?"

हे शेवटचं वाक्य धोंडिबांना लागलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक पत्र चुकीच्या घरात पडलं नव्हतं, आणि आता चार माणसंच्या माणसं पडली होती. त्यातून ती अँब्युलन्स आठवली. "मी गावाला गेलो होतो" असं आपण किती ऐटीत सांगितलं होतं! उद्या आपण कायमचेच गावाला गेलो तर?

सोमवारी सकाळी ते दीपश्रीच्या ऑफिसात हजर झाले.

"अक्का, नंबर घाला."

तिनं वही उघडली. त्या दिवशीच्या पानावर तिनं लिहिलं होतं : नंबर, पाट्या, पोस्टअण्णांशी बोलणे. "मीच येणार होते," ती म्हणाली. "पालिकेत नकाशा आहे, पण त्यात तुमच्या वसाहतीत अजून विहिरीच आहेत. घरं तुम्हीच मोजून द्यायची. पण उमेशण्णांचं काय? अर्ध्या घरांना नंबर घालून चालणार नाही, आणि ते माझ्याशी बोलत नाहीत."

"निरोप मी पोचवतो. टपालच की ते."

तीन दिवस धोंडिबांनी तोंडी टपाल वाटलं. दीपश्री म्हणाली, "त्यांना म्हणावं, फ्लेक्सचा खर्च कमी करा आणि पाट्यांना खांब द्या." धोंडिबांनी उमेशण्णांना जाऊन सांगितलं, "अक्का म्हणाल्या, खांबांचं काम तुमच्याइतकं मजबूत कुणाला जमणार नाही." उमेशण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "हां, आता कळलं म्हणावं पोरीला अनुभव म्हणजे काय." ते दीपश्रीकडं पोचलं ते असं : "उमेशण्णा म्हणाले, तुमच्या वयात इतकी समज मी बघितली नाही." एकतीस वर्षांत ज्यानं कुणाच्या पत्रातला काना बदलला नव्हता, त्या माणसानं त्या तीन दिवसांत एकही निरोप जसाच्या तसा पोचवला नाही.

चौथ्या दिवशी देवळापुढं दोघं समोरासमोर आले. "तुम्ही माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात, मला खरंच बरं वाटलं," दीपश्री म्हणाली.

"मी?" उमेशण्णांनी धोंडिबांकडं बघितलं. धोंडिबा देवळाची घंटा निरखून बघत होते. "...हौदु, हौदु. बोललो असेन," उमेशण्णा म्हणाले. आता माघार घेणं त्यांनाही अवघड होतं.

एक नंबर कुणाच्या वॉर्डातून सुरू करायचा यावर थोडं घोडं अडलं. धोंडिबांनी ते सोडवलं : डाव्या हाताला एक, तीन, पाच, उजव्या हाताला दोन, चार, सहा. उमेशण्णांना पहिला नंबर मिळाला, आणि दीपश्रीच्या अंगाला घरं जास्त असल्यामुळं शेवटचा नंबर तिचा झाला. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं.

खरं काम लोकांबरोबर होतं. धोंडिबा वही घेऊन दारोदार फिरले. बाळाचार्यांना एकेचाळीस नंबर आला. त्यांनी अंकांची बेरीज केली, पाच आली, ती त्यांना चालेना. त्यांना नऊ हवी होती. "मग छत्तीस नंबरवाल्यांशी घर बदलता का?" धोंडिबांनी विचारलं. आचार्यांनी एकेचाळीस घेतला. तेरा नंबर आपल्याला येऊ नये असं सगळ्यांना वाटत होतं, तो विमलाबाईंच्या घराला आला आणि संगीतानं आनंदानं घेतला, कारण तिला गंमत वाटत होती. चारही चौदा नंबरवाले आपणच खरे म्हणून भांडत आले. नव्या मोजणीत चौदा पाचव्याच घराला गेला, तेव्हा चौघं एका बाजूला झाले आणि त्या पाचव्याशी भांडायला गेले.

महेशनं वर्कशॉपमधल्या उरल्यासुरल्या पत्र्यातून एकशे अठरा पाट्या कापून दिल्या. विमलाबाईंनी त्यांवर आकडे रंगवले. खांब उमेशण्णांनी आणवले, क्रॉसचे बोर्ड दीपश्रीनं पालिकेतून मंजूर करून घेतले. एका रविवारी सगळी वसाहत रस्त्यावर उतरली. दीपश्री शिडीवर चढली आणि उमेशण्णांनी खालून शिडी धरली. हा फोटो दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांच्या ग्रुपवर फिरला. एकात फक्त शिडीचा वरचा भाग होता, दुसऱ्यात फक्त खालचा.

संगीताचं लग्न ठरलं. विमलाबाईंनी पत्रिकेवर पत्ता छापला : तेरा, तिसरा क्रॉस, जोडबावी लेआउट. धोंडिबांनी पत्रिका हातात घेऊन तो पत्ता दोनदा वाचला. इतका स्वच्छ पत्ता त्यांना नोकरीत असताना कधी मिळाला नव्हता.

पहिला आठवडा मात्र जड गेला. कुरिअरवाले कट्ट्यावरून हात हलवून सरळ पुढं जायचे. सोमवारी धोंडिबांना चार जणांनी विचारलं, मंगळवारी एकानं, आणि बुधवारी जो थांबला त्याला फक्त वेळ विचारायची होती. गुरुवारी ते कट्ट्यावर गेलेच नाहीत. स्वयंपाकघरात येऊन बसले, डबे उघडून बघायला लागले. "साखर इथं असते होय?" ते म्हणाले.

"अहो, तुम्ही बाहेर जा की," मथुराबाई म्हणाल्या. "इथं मला हात हलवायला जागा नाही."

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. उमेशण्णा स्वतः आले होते. ओट्यावर बसून त्यांनी रुमालानं घाम पुसला.

"अण्णा, अमरगोळच्या बाजूला एक वसाहत आहे. आमच्या मेहुण्यांचा वॉर्ड. तिथं दुसरे क्रॉस पाच आहेत आणि पहिला एकही नाही. मेहुण्यांचं तिथल्या दुसऱ्या नगरसेवकाशी बोलणंही नाही." ते जरा थांबले. "निरोप पोचवायला माणूस पाहिजे. आणि हे बघा, मला सगळं समजलंय हां. दीपश्री अक्कांशी मी परवा सविस्तर बोललो."

धोंडिबांचा चेहरा पडला. "मग?"

"मग काय? तिथंही तसंच करा."

धोंडिबांनी आत वळून चहा सांगितला. मथुराबाई आधीच पातेलं ठेवून त्यांची चप्पल दारात आणून ठेवत होत्या.