मणी कुणाच्या नावावर फुटला

इझमीरच्या वरच्या अंगाला चेरीच्या बागा संपून पाइनचं रान लागतं, तिथं आमचं मण्यांचं गाव आहे. गावात कोर्टकचेरी नाही, आणि फुटलेल्या मण्याचा निवाडा करायला तिची गरजही पडत नाही. भट्टीवर फुटला तर उस्ताचा, म्हणजे मणी घडवणाऱ्या कारागिराचा, भोकात फुटला तर भोक साफ करणाऱ्या सुईवालीचा, अंगावर फुटला तर नजरेचा. एवढा कायदा शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पहिल्या दोन प्रकारांत कुणाची तरी मान खाली जाते. तिसऱ्यात सगळेच खूश, कारण निळ्या मण्यानं लोकांची वाईट नजर स्वतःवर घेतली आणि माणूस वाचला, असं आम्ही धरतो. माल विकणाऱ्याला याहून सोयीची समजूत दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळायची नाही.

हाजेर ही सुईवाली. गावात लहानथोर तिला आब्ला म्हणत, म्हणजे आपली ताई. उस्ता लोक मातीच्या लेपात बुडवलेल्या लोखंडी सळईवर वितळलेली काच गुंडाळतात, कारण माती नसेल तर काच सळईला सोडत नाही. मणी निवून सळईवरून निघतो तेव्हा ती माती भोकात भाजून घट्ट बसलेली असते. ती काढणं हे हाजेरचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माती राहिली तर ती कानशीसारखी दोरा खाते. एक दिवस दोरा तुटतो, मणी फरशीवर पडून फुटतो, आणि बिचारी नजर फुकटची बदनाम होते.

बाहेरून येणारी माणसं भट्टीसमोर घामाघूम उभ्या असलेल्या उस्ताचे फोटो काढत. मागच्या पडवीत पाण्याच्या भांड्यावर वाकलेल्या बाईचा फोटो कुणी काढला नाही. उस्ता लोकही काही कमी नव्हते. आग आम्ही सोसतो आणि ही नुसती कान कोरते, अशी त्यांची थट्टा चाले. हाजेर हसून घ्यायची. तिच्याकडे एकच श्रीमंती होती: लग्न होऊन ती या गावात आली, सासूच्या जागी त्या पडवीत बसली, तेव्हापासून तिच्या नावावर एकही मणी फुटला नव्हता. सासू कोरडं घासायची. काचेची नि मातीची पांढरी धूळ नाकातोंडात घेत ती खोकून खोकून गेली, आणि ते हाजेरनं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिचा सगळा कारभार पाण्यातला.

तिला हे काम शिकवलं ते रिफ्की उस्तानं. भट्टीवरचा तेवढा एकच माणूस मागच्या पडवीत येऊन बसायचा. पहिल्याच दिवशी त्यानं तिला एक निळा मणी दिला, साफ करून घेतला आणि मग भोकाची कड जिभेला लावून दाखवली. काच जिभेवरून घसरते, माती जिभेला चिकटते. डोळा फसतो, बोट फसतं, पण जीभ फसत नाही, असं तो म्हणाला. तो पहिला मणी हाजेरनं मशीनच्या खिळ्याला टांगून ठेवला होता.

मशीन म्हणजे एक जुनी मोटर. ती वर खिळ्याला लोंबायची, तिच्यातून लवचीक नळी खाली यायची आणि नळीच्या टोकाला पेनाएवढी मूठ. मुठीत सुई बसवायची, पायानं वेग कमी-जास्त करायचा. आमच्याकडे सुई म्हणतात ती शिवणाची नव्हे, हिऱ्याच्या भुकटीचा थर दिलेली पोलादी काडी. रिफ्की उस्ताचा मुलगा तुनजाय दुकान सांभाळायचा, त्याला त्या मोटरची लाज वाटे. त्यानं शहरातून एक नवंकोरं फिरकी मशीन आणलं आणि त्याबरोबर नाना आकारांच्या सुयांचं चकचकीत पाकीट.

हाजेरनं मशीन हातात तोललं आणि परत दिलं. मोटर मुठीतच, म्हणजे मनगट दुपारपर्यंत गळून जाणार, आणि विजेचं धूड पाण्याच्या भांड्यावर धरायचं म्हणजे मरणाला आवतण. सुयांचं म्हणाल तर पाकिटातल्या निम्म्या निमुळत्या. निमुळती सुई भोकात अडकली की काच पाचरीसारखी फाकवते. उरलेल्या फिरताना लटपटत, आणि थोड्या वापरातच हिरा झडून नुसतं पोलाद उरे, ते काच कापत नाही, तापवतं. तिला हवी होती सरळ, भोकाहून बारीक, दाट थराची सुई. तशी चांगली एकच तिच्याजवळ शिल्लक होती, तीच ती जपून वापरायची.

"आब्ला, तुझे नखरे नव्या नवरीचे आणि मशीन आजीबाईच्या वेळचं," तुनजाय म्हणाला.

"नवरी म्हातारी झाली रे, पण मणी फोडला नाही तिनं," हाजेर म्हणाली. "मला सुया आण. तुझं हे खेळणं दुकानात मांड."

त्यानं सुया काही आणल्या नाहीत.

त्याच वर्षी तुनजायची मुलगी बेलगिन मानिसाला बाळंत झाली, मुलगा झाला. चाळिसाव्या दिवसाचा विधी, आमचं चाळिसावं, उरकायला ती बाळाला घेऊन गावी येणार होती. त्या दिवशी बाळाच्या खांद्याला घरचा मणी टाचायचा, ही आमची रीत. रिफ्की उस्तानं भट्टी सोडून बराच काळ झाला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, हात चहाचा पेला धरतानाही थरथरायचे. पण पणतूचा मणी मीच करणार, असा त्यानं हट्ट धरला. तुनजायनं समजावून पाहिलं. म्हातारा म्हणाला, एकच करतो, मग पुन्हा भट्टीकडे बघणारसुद्धा नाही.

तो भट्टीसमोर बसला तेव्हा सगळं गाव गोळा झालं होतं. हाजेर मागे उभी होती. निळी काच घेताना, त्यावर पांढरा, मग आकाशी, मग काळा ठिपका ठेवताना त्याचे हात आश्चर्य वाटावं इतके शांत होते. घोटाळा झाला तो नंतर. सळई हळूहळू निवायच्या गरम कोठीत सरकवायची, तर त्याला कोठीचं तोंडच दिसेना. उजवीकडे चाचपलं, डावीकडे चाचपलं. तापून लाल झालेला मणी बाहेरच्या गार वाऱ्यात उघडा राहिला. एवढी माणसं उभी होती, पण उस्ताचा हात धरायची कुणाची छाती झाली नाही. हाजेरचीही नाही. शेवटी त्याला कोठी सापडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि म्हातारा लहान मुलासारखा हसला.

चाळिसाव्याच्या सकाळी मणी हाजेरकडे आला. भट्टीवरच्यांनी आदल्या दिवशीच तो पाण्यात भिजत घातला होता. तिनं तो उन्हात धरला. भोकापासून आत, निळ्या काचेतून एक बारीक पांढरी रेघ गेली होती. मणी निवतानाच तडकला होता, आणि भिजताना मातीचं गढूळ पाणी त्या तड्यात शिरलं होतं.

अंगणात पाहुणे जमले होते. तळणीत लोकमा, पाकात घालायचे पिठाचे गोळे, फुगत होते, चहाचे पेले फिरत होते, आणि रिफ्की उस्ता इस्त्रीचा सदरा घालून मधोमध बसला होता. पडवीत हाजेर मणी हातात घेऊन बसून राहिली. खरं सांगावं, तर मणी भट्टीवर फुटला असं होणार, आणि उस्ताचा शेवटचा मणी त्याच्याच नावावर फुटका म्हणून कायमचा राहणार. गप्प बसून तसाच द्यावा, तर तो आज ना उद्या बाळाच्या अंगावर उकलणार. तेव्हा कुणालाच दोष येणार नव्हता, उलट लोक पेढे वाटल्यासारखे आनंदले असते. सोय तर अशी की कुणीही मोहात पडावं. पण चाळीस दिवसांच्या पोराच्या मानेशी काचेची धार? हाजेरनं तो विचार मनात आला म्हणून स्वतःलाच शिवी घातली.

राहिला एकच मार्ग. नीट साफ करायचा. धीमेपणानं, भांड्यात बुडवून, जोर न लावता माती निघाली, तर रेघ मध्येच थांबलेली असेल, मणी टिकेलही. टिकला तर खांद्याऐवजी पाळण्याच्या वर उंच टांगा असं सुचवता येईल. तिनं जपून ठेवलेली ती एकुलती सुई मुठीत बसवली. पायानं इतका हलका दाब दिला की मोटर जेमतेम कुरकुरली. एका बाजूनं मध्यापर्यंत, मग मणी उलटून दुसऱ्या बाजूनं. एका बाजूनं आरपार कधीच जायचं नाही, पलीकडची कड उडते. भांड्यात दुधासारखे धागे सुटू लागले. माती जवळजवळ निघाली होती. शेवटचा कण सुटला, आणि तिच्या बोटांत, पाण्याखाली, आवाजही न करता मण्याची दोन शकलं झाली.

तिनं सुई थांबवली. मग शकलं घागऱ्याला पुसली आणि अंगणात गेली.

"माझ्या हातून फुटला," ती म्हणाली. "सुई जास्त चालवली मी."

शेजारणी सावरून घ्यायला लागल्या: गेला तो बरा, बाळावरची नजर घेऊन गेला. पण तुनजाय सगळ्यांदेखत चिडला होता, आणि कायदा त्यालाही पाठ होता.

"नजरेचं काय घेऊन बसलात? भोकात फुटलाय," तो म्हणाला. "बाबांचा शेवटचा मणी. सांगितलं होतं, आब्ला, ते जुनं डबडं टाकून दे म्हणून."

हाजेरनं मान खाली घातली. एवढ्या वर्षांची तिची श्रीमंती त्या अंगणात एका वाक्यात गेली, आणि ती घालवणारी ती स्वतःच होती. तरी म्हाताऱ्याचा सदरा अजून ताठ आहे, एवढं तिनं चोरून पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

रिफ्की उस्तानं हात पुढे केला. "आण इकडं."

तिनं शकलं त्याच्या तळहातावर ठेवली. त्याला काय दिसणार, असं तिला वाटलं. त्यानं शकलं डोळ्यांजवळ नेलीच नाहीत. फुटीच्या कडेवरून नख फिरवलं, आणि मग एक शकल फुटलेल्या बाजूनं जिभेला लावलं. भोक तिनं लख्ख केलं होतं. फुटीच्या आत बसलेली माती धुवायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नव्या फुटीत माती कुठून असणार?

म्हाताऱ्यानं शकलं मुठीत धरली.

"पोरी," तो म्हणाला, "डोळे गेले, हात गेले. जीभ अजून शाबूत आहे माझी. माझ्यापुढं खोटं बोलतेस?"

"उस्ता..."

"हा भट्टीवर फुटलाय, तुनजाय. माझा आहे." त्यानं दोन्ही शकलं सदऱ्याच्या खिशात टाकली. "आणि तिनं मागितलेल्या सुया उद्या आणून दे. आधीच द्यायच्या होत्यास."

तुनजाय काहीतरी पुटपुटला आणि हाजेरपुढं चहाचा पेला स्वतः घेऊन आला. बेलगिननं बाळ छातीशी धरलं होतं. आता टाचायचं काय, असं तिनं हळूच विचारलं. हाजेर पडवीत गेली. मोटरच्या खिळ्यावरून तो पहिला मणी काढला, काजळी धुतली आणि आणून उस्ताच्या हातात दिला. त्यानं बोटांनी चाचपला. आपली काच ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

त्यानं भोकाची कड जिभेला लावली. मग मणी नातीकडे दिला.

"टाच," तो म्हणाला. "काही चिकटत नाही."

हाजेर पडवीतलं गढूळ पाणी फेकून यायच्या निमित्तानं उठली. भांड्यात फेकण्याजोगं पाणी होतं, हे खरं. पण एवढ्या माणसांत रडायचं तिला जमलं नसतं.