विस्कॉन्सिनचं फोडलेलं पाकीट

"तुम्ही हे उघडलंत?"

मिसेस कॅरलनी हा प्रश्न दोनदा विचारला. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा शाळेतल्या आवाजात. तीस वर्षं बहारीनमध्ये शिकवलेली बाई, आवाज कसा पोचवायचा हे तिला माहीत होतं. काउंटरवरची तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. महेंद्र सावंतच्या एका हातात कटर होता आणि दुसऱ्या हातात ते पाकीट, वरची बाजू सरळ कापलेली.

बुधवार होता, दुपारचे अडीच. मी आतून बाहेर आले.

मी सुनंदा मोहिते. मूळची कोल्हापूरकडची. एका कुरिअर कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर आहे. हिद्दला आमचं गोदाम आणि काउंटर आहे, विमानतळाच्या कार्गोपासून जवळ. इथे बहारीनमध्ये या धंद्यात बावीस वर्षं काढली. आमच्याकडे एक नियम आहे: बंद पाकीट घ्यायचं नाही. गिऱ्हाइकासमोर उघडायचं, आत काय आहे ते बघायचं, आपल्या पाऊचमध्ये घालून बंद करायचं. याला आम्ही कंटेंट्स चेक म्हणतो. लोक पाकिटात काय काय घालून पाठवतात हे तुम्हाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. हा नियम मीच लिहिला, मीच भिंतीवर लावला, आणि जो पाळत नाही त्याची मीच खरडपट्टी काढते.

महेंद्र देवगडचा. अकरा वर्षं काउंटरवर, एक तक्रार नाही. त्याने नियम पाळला होता. बाई फॉर्म भरायला खाली वाकल्या आणि याने सवयीने पाकीट कापलं.

"मॅडम, माका काय म्हायत ता मत आसा म्हणून," तो माझ्या कानाशी पुटपुटला. घाबरला की महेंद्रची मालवणी बाहेर येते.

मी पाकीट बघितलं आणि तो का घाबरला ते कळलं. पाकिटावर एक छापील सर्टिफिकेट चिकटवलेलं होतं. त्यावर मतदाराची सही, खाली साक्षीदाराची सही आणि पत्ता. आत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची मतपत्रिका. बाईंनी पर्समधून सूचनांचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं आढळलं तर मत मोजलं जाणार नाही.

"मागच्या वेळी मी पोस्टाने पाठवलं," त्या म्हणाल्या. "निवडणूक झाल्यावर नऊ दिवसांनी पोचलं. म्हणून या वेळी कुरिअर. तिकडे सनदच्या घरून एवढी गाडी चालवत आले. आता खलास. दोनदा झालं, पुरे."

त्यांनी पर्स बंद केली. दाराकडे वळल्या.

मी म्हटलं, "मिसेस कॅरल, पाच मिनिटं बसा. चूक आमची आहे. मत जाईल."

कसं जाईल ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण गिऱ्हाईक दारातून बाहेर गेलं की सगळंच संपतं, हे बावीस वर्षांत शिकले आहे. त्यांना आत माझ्या खुर्चीत बसवलं आणि महेंद्रला चहा आणायला पिटाळलं.

आधी हिशेब वेळेचा. मतदान पुढच्या मंगळवारी. मत तिथे मंगळवारी रात्री आठच्या आत पोचलं पाहिजे. आमची एअरपोर्टची शेवटची व्हॅन संध्याकाळी सहाला निघते. त्याला कट-ऑफ म्हणतात, त्यानंतर आलेलं पार्सल दुसऱ्या दिवशी. बुधवारच्या विमानात बसलं तर शुक्रवारी अमेरिकेत, सोमवारी गावात. चुकलं तर गुरुवारचं विमान, शनिवारी अमेरिका, पुढे त्यांची सुट्टी, आणि मग थेट मंगळवार, तोही सगळं सुरळीत झालं तर. आमच्या धंद्यात 'सगळं सुरळीत झालं तर' याला काडीची किंमत नाही. म्हणजे माझ्या हातात साडेतीन तास होते.

तेवढ्यात अबू अली आले. हे आमचे ब्रँच मॅनेजर, बहारिनी गृहस्थ, मनाने चांगले, पण कटकट नको असते. मी सगळं सांगितलं.

"पारदर्शक टेप लाव," ते म्हणाले. "नीट लावली तर दिसत पण नाही. तिथे कोण बघतंय?"

"तिथे बघायलाच माणसं बसवलीत, अबू अली."

"मग सॉरी लेटर दे. एक मत आहे, सुनंदा. एका मताने काय होतं?"

माझ्या केबिनची काच बंद नव्हती. आतून बाईंचा आवाज आला. "माझे आईवडील गेले. घर विकलं. भाऊही गेला. त्या गावात माझं आता एकच काम उरलंय, ते हे."

अबू अलींनी डोक्यावरची गुत्रा सारखी केली आणि आत जाऊन बाईंच्या समोर बसले. त्यानंतर टेपचं नाव काढलं नाही.

मी बाईंना विचारलं, मतपत्रिका तुमच्याकडे आली कशी? ईमेलने, त्या म्हणाल्या. कायमचं परदेशात राहणाऱ्याला तिथून ईमेलने येते, आपण छापायची, खूण करायची, आणि कागद परत पाठवायचा. म्हणजे पुन्हा छापता येईल. पण चालेल का? दोन मतं पाठवली असं वाटलं तर दोन्ही बाद. हे विचारायचं कुणाला? गावच्या क्लार्कला. तिकडे निवडणूक गावोगावचे क्लार्क चालवतात. आपल्या ग्रामसेवकासारखं समजा, फक्त मतदानाचं सगळं त्यांच्या गळ्यात. बाईंच्या गावची क्लार्क एकटीच, घरातून काम करते आणि तिच्या गाई आहेत.

तीन वाजता फोन लावला. तिकडे सकाळचे सात. वाजून वाजून बंद झाला.

"झालं," अबू अली म्हणाले. "झोपली असेल."

"गाई असलेली बाई सातला झोपत नाही. धारा चालू असतील," मी म्हटलं. आमच्याकडे सहा म्हशी होत्या. धारेच्या वेळी दारात पाव्हणा आला तरी आई उठायची नाही, फोन तर लांबच. मी निरोप ठेवला, नंबर दोनदा सांगितला.

बरोबर पस्तीस मिनिटांनी फोन आला. मी स्पीकर लावला. चूक कुणाची, कशी, सगळं सरळ सांगितलं. आमच्या धंद्यात लोक इथेच माती खातात, आधी स्वतःला झाकतात. त्याने वेळ जातो, दुसरं काही होत नाही.

क्लार्क बाई एकदम रोखठोक निघाल्या. नवी छापा. साक्षीदारासमोर नव्याने खूण करा. नवं सर्टिफिकेट, नवं पाकीट. जुनं फाडून टाका, माझ्याकडे एकच आलं पाहिजे.

"हे मला ईमेलवर लिहून द्या," मी म्हटलं.

"तू सरकारी नोकरीत आहेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही, कुरिअरमध्ये."

"तेच," त्या म्हणाल्या, आणि चार मिनिटांत ईमेल आला.

मग मी पत्ता विचारला, कारण पाकिटावर पीओ बॉक्स होता. कुरिअर पीओ बॉक्सला पोचवता येत नाही. बॉक्स पोस्टाचा, आमच्या माणसाला दार लागतं, सही करणारा माणूस लागतो. म्हणजे बघा, पाकीट फोडलं नसतं आणि तसंच पाठवलं असतं, तर तिथे जाऊन अडकलं असतं. हे मी महेंद्रला नंतर सांगितलं, तेवढाच त्याच्या जिवाला आधार. क्लार्क बाईंनी घरचा पत्ता दिला आणि कुत्रा भुंकतो, चावत नाही, हेही सांगितलं.

चार वाजले. छापायला गेलो तर कागद आमचा ए-फोर, त्यांचा आखूड आणि रुंद. कडेचं थोडं कापलं जात होतं. पुन्हा ईमेल केला. उत्तर आलं: लहान करून छापा, इथे दोघं बसून तुमची मतं खऱ्या मतपत्रिकेवर उतरवतात, मशीनला तीच लागते. छापलं.

आता साक्षीदार. पहिल्या पाकिटावर शेजारणीची सही होती. ती शेजारीण त्याच सकाळी सुट्टीवर विमानात बसली होती. दुसरा अमेरिकन तासाभरात आणायचा कुठून? मी सूचनांचा कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. लोक कागदाला घाबरतात. कागद वाचला की तो बहुतेक वेळा तुमच्या बाजूचा निघतो. दुसऱ्या पानावर होतं: परदेशातल्या मतदाराचा साक्षीदार अमेरिकन नागरिक नसला तरी चालेल, अठरा वर्षांचा हवा.

"मी करतो सही," महेंद्र दारातून म्हणाला. "कापलं मी."

"कापलंस तू, पण नियम माझा," मी म्हटलं. "मी करते."

अबू अली हसले. "स्टाफने गिऱ्हाइकाच्या कागदावर सही करायची नाही. हा नियम कुणाचा?"

"माझाच."

"मग?"

"मग मोडते. लेखी देऊ का तुम्हाला?"

"नको, नको. यल्ला, घड्याळ बघ."

आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

साक्षीदाराचं काम गमतीचं आहे. मतदार मत देताना समोर हजर राहायचं, पण मत कुणाला ते दिसता कामा नये. मी टेबलावर दोन जाड बॉक्स फाइल उभ्या केल्या आणि बाईंना त्यांच्या आड बसवलं. अबू अलींना पाणी प्यायला नेमका बाईंच्या मागचाच कूलर आठवला. मी त्यांना बाहेरच्या कूलरची आठवण करून दिली.

बाई सावकाश खुणा करत होत्या. मध्येच म्हणाल्या, "राज्याच्या गव्हर्नरची निवडणूकही त्याच दिवशी आहे. ते नाव माझ्या कागदावर नाही."

"का?"

"मी कायमची बाहेर आले, म्हणून मला फक्त केंद्राचं मत. राज्याचं नाही. जे परत जाणार आहेत त्यांना दोन्ही."

म्हणजे आपल्या भाषेत, लोकसभेला विचारतात, विधानसभेला नाही. बाईंना त्याचा राग होता आणि तो मला पटला. अर्धं मत उरलं होतं, आणि तेही आम्ही फोडलं होतं.

"तुमच्याकडे कसं असतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. परदेशातून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः बूथवर जावं लागतं. मतदानासाठी रजा कोण देणार? बावीस वर्षांत मी एकदाही मत दिलेलं नाही. आणि त्या दिवशी मी विस्कॉन्सिनच्या निवडणुकीत साक्षीदार होऊन बसले होते. वाईट वाटलं मला, लपवत कशाला.

पाकीट बाईंनी स्वतः चिकटवलं. सही केली. मी सही केली आणि पूर्ण पत्ता लिहिला: फ्लॅट, बिल्डिंग, रोड नंबर, ब्लॉक, रिफा. "रस्त्याला नाव नाही?" बाईंना काळजी. तीस वर्षं इथे राहून त्यांना माहीत होतं की नाव नाही, नंबरच असतो, पण त्या वेळी त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. मी खाली ठळक अक्षरात 'बहारीन' लिहिलं. जुनी मतपत्रिका बाईंनीच आमच्या श्रेडरमध्ये घातली.

पाच वाजून दहा मिनिटं.

आता खरी भीती. हे पाकीट वाटेत आमच्याच कंपनीच्या दोन गोदामांतून जाणार. तिथेही कंटेंट्स चेक आहे. तिथेही कुणीतरी सुनंदा मोहिते बसलेली असणारच, नियम लिहिलेली. मी दोन्ही ठिकाणी फोन केले. एअरवे बिल म्हणजे पार्सलचा जन्मदाखला, त्यावर लिहिलं: सीलबंद मतपत्रिका, उघडू नये. आणि पाकीट गोदामातल्या एक्स-रे मशीनमधून काढून त्याचा शिक्का मारला. हे मशीन तीन वर्षं आमच्याकडे आहे. कागदाच्या पाकिटाला एक्स-रे करावा हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. हातात कटर असला की माणूस कापतोच.

पावणेसहाला महेंद्रने पाऊच स्वतः व्हॅनमध्ये ठेवला आणि ड्रायव्हरला एवढ्या सूचना दिल्या की तो म्हणाला, भाऊ, बॉम्ब आहे का?

चार दिवस मी तासातासाला ट्रॅकिंग बघत होते. घरी मुलगी म्हणाली, "मम्मा, it's not even your vote." मी म्हटलं, सही माझी आहे. सोमवारी संध्याकाळी स्क्रीनवर आलं: डिलिव्हर्ड. खाली क्लार्क बाईंची सही. मी महेंद्रला हाक मारली. तो बघून गेला आणि काउंटर बंद होईपर्यंत गुणगुणत होता.

आठवड्याने मिसेस कॅरलचा फोन आला. क्लार्कचा ईमेल आला होता. पाकीट वैध. मत मोजलं.

"आणि तुमचा उमेदवार?" मी विचारलं.

"पडला."

"अरेरे."

"अरेरे काय, सुनंदा? मागच्या वेळी माझा जिंकला होता. माझ्याशिवाय. या वेळी मी होते."

फोन ठेवला आणि मी मार्कर घेऊन उठले.

भिंतीवरच्या नियमात त्याच दिवशी एक ओळ वाढवली: आधी विचारा, मग कापा. नियम पाळणारी माणसं मिळाली की नियम लिहिणाऱ्याने जास्त सांभाळून लिहावं.