टेबलावरचा डबा आणि आप्पांचा रिपोर्ट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. आजही नाही... मानायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि मी सध्या फार दमलेय.

मी सांगलीत राहते, सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते. वडील — आम्ही आप्पा म्हणतो — कडेगावजवळ मळ्यातल्या घरी एकटे. फौजेतून रिटायर झालेले. मोबाईल उचलतील तर शपथ! म्हणून मी त्यांना एक छोटा डबा करून दिला. बटण दाबायचं, बोलायचं, की आवाजाची फाइल लिबकर्ल नावाच्या तयार कोडमार्फत नेटवरून माझ्या सर्व्हरवर येणार. नीट पोचली की डब्यावर हिरवा दिवा. आप्पा रोज चहाआधी ताठ उभं राहून रिपोर्ट द्यायचे — "सब ठीक हाय." एवढंच. तो ऐकला की मी पोळ्या लाटायला मोकळी.

पण रेंज गेली की डबा अडकून बसायचा. प्रोग्रॅममध्ये टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेनंतर वाट बघणं सोडून द्यायची सोय, लावायचा राहिला होता. म्हणून एका रविवारी तो दुरुस्तीला सांगलीला आणला, वायर गुंडाळून टेबलावर ठेवला, आणि ऑफिसच्या रामरगाड्यात तो तसाच राहिला. आप्पांना सांगून आले होते, तोवर शेजारच्या तानाजीदादांच्या फोनवरून बोलत जा. कसले बोलतायत!

त्याच आठवड्यात एका सकाळी मोबाईल वाजला — नवीन फाइल आलीय. वाटलं, जुनीच कुठली तरी अडकलेली असेल. लावली.

"हौदापाशी पडलोय. पाय उचलंना. बाकी सब ठीक हाय."

डबा समोर होता, वायर गुंडाळलेलीच. तानाजीदादांना फोन केला, ते पळत गेले. आप्पा खरंच म्हशीच्या हौदापाशी पडले होते, खुब्याचं हाड मोडून.

नंतर डब्यातलं मेमरी कार्ड तपासलं, त्यावर पाठवलेल्या प्रत्येक फाइलीची नोंद राहते. रविवारनंतर त्यानं काहीच पाठवलेलं नाही. सर्व्हरवर मात्र फाइल पूर्ण, डब्याच्याच नावानं. ऑफिसातला मित्र म्हणाला, फाइल जुनीच असेल, सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल. बरं बाबा, चुकलं असेल... पण मग हौद?

आप्पा आता माझ्याकडेच असतात. त्यांना विचारलं, डबा नव्हता तर बोललात कुणाशी? म्हणाले, रोजची वेळ झाली, पडल्या जागेवरून रिपोर्ट दिला.

"अहो आप्पा, पण तो माझ्यापर्यंत आला कसा?"

"ते तुझं काम, ताई. पोचला न्हवं? मग झालं की."

डबा अजून टेबलावरच आहे. टाइमआउट लावायला दोन ओळी पुरतील, पण त्या कोडला हात लावायचा धीर होत नाही.